होस्टिंगच्या धंद्यासाठी तिकीट सॉफ्टवेअर कसं निवडावं

होस्टिंगवाला म्हणजे ग्राहकांच्या वेबसाइट आणि ईमेल आपल्या सर्व्हरवर चालवणारा. त्याची एक अडचण बाकी धंद्यांना नसते. ग्राहकाला तुमची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवशी त्याचा ईमेल बंद असतो, कारण तो ईमेलही तुमच्याच सर्व्हरवर चालतो. तुम्ही तिकिटाला, म्हणजे क्रमांक देऊन नोंदलेल्या त्याच्या तक्रारीला, उत्तर देता, ते उत्तर बाउन्स होतं (न पोहोचता परत येतं), आणि ग्राहक समजतो की कंपनीत कुणी विचारायलाही नाही. एखाद्या दुकानाला किंवा क्लासला जे सॉफ्टवेअर आरामात पुरतं, ते आपल्याला पुरत नाही ते यामुळे. म्हणून डेमोतले रंगीत आलेख बाजूला ठेवा आणि सर्व्हर पडलेला दिवस डोळ्यांसमोर आणून निवड करा.

पुढचं सगळं लहान कंपनी धरून लिहिलं आहे: तीन ते पाच सर्व्हर, पाचशे ते हजार ग्राहक, सपोर्टला चार-सहा माणसं. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे या आकाराच्या कंपन्या भरपूर आहेत आणि चुकीच्या निवडीचा फटका त्यांनाच जास्त बसतो.

आधी मोजणी

सॉफ्टवेअरच्या वेबसाइट उघडण्याआधी सपोर्टच्या मेलबॉक्समधले मागच्या ९० दिवसांतले कोणतेही २०० संवाद घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचेही घ्या. एका शीटमध्ये चार रकाने करा: तक्रार कशाची, कोणत्या सर्व्हरची, ग्राहक कोण आहे हे शोधायला किती मिनिटं गेली, आणि प्रश्न सुटेपर्यंत किती वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालं.

पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तेच सापडतं: मेल जात नाही किंवा येत नाही, एसएसएल (साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र) संपलं, डिस्क भरली, वर्डप्रेस हॅक झालं, डोमेनचं रिन्यूअल, ट्रान्स्फर, बिल. पण निवड ठरवतो तो तिसरा रकाना. ग्राहक स्वतःच्या खासगी जीमेलवरून ‘साइट बंद आहे, लवकर बघा’ एवढंच लिहितो. डोमेनचं नाव नाही, फोन नंबर नाही. हा माणूस कोण हे शोधण्यात दर तिकिटाला तीन-चार मिनिटं जात असतील, तर तुमचं तिकीट बिलिंगला जोडलेलंच हवं. बाकीच्या सोयी त्यानंतर.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरमध्येच असलेलं तिकीट. डब्ल्यूएचएमसीएस आणि ब्लेस्टा ही होस्टिंगमधली ओळखीची नावं. तिकीट उघडलं की बाजूलाच ग्राहकाचं पॅकेज, सर्व्हर, डोमेनची मुदत, थकलेलं बिल आणि सीपॅनेलमध्ये (होस्टिंग खातं चालवायच्या पॅनेलमध्ये) शिरायचं बटण दिसतं. लहान कंपनीने इथूनच सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तोटे दोन. तिकिटाची सोय बेताची असते. नियम, अहवाल आणि कामाची वाटणी यांत ती स्वतंत्र हेल्पडेस्कच्या मागे पडते. शिवाय डब्ल्यूएचएमसीएसचा परवाना सक्रिय ग्राहकांच्या संख्येच्या टप्प्यांवर चालतो, त्यामुळे धंदा वाढला की टप्पाही वाढतो. ब्लेस्टाचा एकदाच पैसे भरून घ्यायचा परवानाही मिळतो आणि तिकिटाचं प्लगइन त्यातच येतं.

दुसरी वाट म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतः बसवणं. ओएसटिकेट पीएचपी (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर चालतं आणि ते सांभाळणं होस्टिंगवाल्याला जड जात नाही. फ्रीस्काउट त्याहून हलकं आहे, पण त्याची बरीच मॉड्यूल्स विकत घ्यावी लागतात; लागणाऱ्या मॉड्यूल्सची बेरीज आधी करा. झॅमॅड दिसायला आणि शोधायला उत्तम, पण ते रुबी भाषेवर चालतं आणि शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर मागतं. एकाच मशीनवर दोन्ही ठेवायचं असेल तर ८ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) धरून चला. रिक्वेस्ट ट्रॅकर जुनं आणि भक्कम आहे, पण घरात पर्ल भाषा जाणणारा माणूस नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ओटीआरएसच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीची मूळ कंपनीकडून होणारी देखभाल २०२० च्या अखेरीस थांबली. कुणी ती सुचवली तर तिचा चालू वारस, झ्नूनी, बघा.

तिसरी वाट भाड्याची: फ्रेशडेस्क, झोहो डेस्क, झेनडेस्क. यांतली पहिली दोन चेन्नईत जन्मलेली. मोठा फायदा असा की हे तुमच्या नेटवर्कच्या बाहेर असतं. तुमचे सगळे सर्व्हर झोपले तरी तिकीट उघडता येतं. पैसे मात्र माणशी, दर महिन्याला. आणि तुमच्या बिलिंगमधली माहिती तिकिटाच्या बाजूला आणायला जोडणी विकत घ्यावी लागते किंवा लिहावी लागते. ती जोडणी कोण सांभाळतं हे विचारा. बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सर्वात आधी तीच तुटते.

ईमेल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

होस्टिंगच्या सपोर्टमध्ये ईमेलचा भाग कच्चा असेल तर बाकीचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, ते कामाचं नाही.

मेल आत येण्याचे दोन प्रकार आहेत. एकात मेल सर्व्हर आलेला मेल थेट स्क्रिप्टच्या हवाली करतो, याला पायपिंग म्हणतात. दुसऱ्यात सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी मेलबॉक्स उघडून नवे मेल उचलतं. पायपिंग तत्काळ होतं, पण त्यात एक खोडी आहे. सीपॅनेल सर्व्हरवर स्क्रिप्टने पीएचपीच्या एखाद्या वॉर्निंगची एक ओळ जरी छापली, तरी एक्झिम (तिथला मेल सर्व्हर) त्या ओळीला चूक समजून ग्राहकाला ‘मेल पोहोचला नाही’ असा बाउन्स पाठवतो. तिकीट उघडलेलं असतं आणि ग्राहकाला वाटतं उघडलंच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. पीएचपीची आवृत्ती बदलली की हे हमखास घडतं. तेव्हा पायपिंग वापरायचं असेल तर पीएचपीच्या प्रत्येक अपग्रेडनंतर बाहेरच्या पत्त्यावरून एक चाचणी मेल पाठवायचाच.

मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर सॉफ्टवेअरला ओऑथ २ (पासवर्ड न देता मेलबॉक्स जोडायची पद्धत) येतं का ते आधी बघा. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नुसत्या यूजरनेम-पासवर्डवर मेल उचलणं टप्प्याटप्प्याने बंद केलं. जुन्या आवृत्त्यांमध्ये मेल येणं गुपचूप थांबतं, पडद्यावर काहीच दिसत नाही.

मेल जाण्याची बाजू. तिकिटाचं उत्तर तुमच्या डोमेनच्या नावाने दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाणार असेल तर त्या सेवेचा एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) बसवावा लागतो. एसपीएफमध्ये एकूण १० डीएनएस लुकअपची (डोमेनच्या नोंदी शोधण्याची) मर्यादा आहे. ऑफिसचा मेल, बिलिंगचा मेल, न्यूजलेटर आणि आता तिकीट असे चार ‘इन्क्लूड’ टाकले की त्यांच्या पोटातले लुकअप धरून ती सहज ओलांडली जाते आणि मग अख्खा एसपीएफच बाद ठरतो. उपाय सोपा आहे: तिकिटांसाठी वेगळं उपडोमेन घ्या आणि त्याचा एसपीएफ स्वतंत्र ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत, आणि ग्राहकांपैकी पुष्कळ जण जीमेलवरच उत्तर वाचतात.

उत्तरांची साखळी जुळवायला चांगलं सॉफ्टवेअर विषयातला तिकीट क्रमांक आणि मेलच्या हेडरमधले ‘इन-रिप्लाय-टू’ व ‘रेफरन्सेस’ हे दोन्ही बघतं. नुसत्या विषयावर अवलंबून असलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाने विषय बदलला की नवं तिकीट उघडतं. याच्या उलटही होतं: ग्राहक सहा महिन्यांपूर्वीच्या मेलला रिप्लाय करून आजची तक्रार लिहितो आणि बंद झालेलं जुनं तिकीट पुन्हा उघडतं. अमुक दिवसांनंतर आलेल्या उत्तराचं नवं तिकीट करून त्याला जुन्याचा दुवा जोडायचा, असं सेटिंग शोधा. १४ दिवस ही मर्यादा आपल्या कामाला योग्य बसते.

होस्टिंगमध्ये सीसीला नेहमी तिसरा माणूस असतो, तो म्हणजे ग्राहकाचा वेब डेव्हलपर. त्याचा पत्ता तुमच्याकडे नोंदलेला नसतो. त्याने उत्तर दिलं तर काही सॉफ्टवेअर नवं तिकीट उघडतात, काही ते सरळ नाकारतात. ते त्याच तिकिटात यायला हवं, पण ‘नोंदणी नसलेला पत्ता’ अशी ठळक खूण दिसायला हवी.

आणि स्वयंउत्तरांची टक्कर. ग्राहक रजेवर, त्याचं स्वयंउत्तर चालू. तुमचं ‘तिकीट मिळालं’ हेही चालू. दोन्ही एकमेकांना उत्तरं देत बसतात आणि सकाळी शेकडो तिकिटं उभी असतात. सॉफ्टवेअरने स्वतःच्या मेलवर ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर लावला पाहिजे, दुसऱ्याच्या मेलवरचा तो ओळखला पाहिजे आणि एका पत्त्याला तासाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्वयंउत्तरं पाठवता कामा नयेत.

अ‍ॅब्यूज@ हा पत्ता विसरू नका. त्यावर फिशिंगच्या आणि स्पॅमच्या तक्रारी येतात आणि त्यांच्या पोटात तोच घातक दुवा किंवा तोच स्पॅम मेल असतो. म्हणजे तुमचा स्पॅम फिल्टर तक्रारच उचलून जंकमध्ये टाकतो, आणि काही दिवसांनी अख्खा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) काळ्या यादीत गेल्यावर कळतं. या पत्त्याला वेगळा विभाग द्या, त्याचा मजकूर तपासणारा फिल्टर बंद ठेवा, स्वयंउत्तर बंद ठेवा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये विभागवार असं करता येत नाही ते घेऊ नका.

हा माणूस खरंच तोच आहे का

ईमेलवरचं ‘प्रेषक’ हे नाव कुणालाही खोटं लिहिता येतं. ‘माझ्या डोमेनचा ऑथ कोड पाठवा’ (हा डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा गुप्त कोड) किंवा ‘पासवर्ड बदलून द्या’ असा मेल आला आणि तुमच्या नव्या मुलाने तो कोड पाठवला, तर ग्राहकाचं डोमेन हातचं गेलं म्हणून समजा. त्यामुळे धोक्याच्या मागण्या फक्त पोर्टलमध्ये लॉगिन करूनच स्वीकारायच्या, आणि सॉफ्टवेअरने हे सक्तीने पाळायला हवं. डब्ल्यूएचएमसीएसमध्ये प्रत्येक विभागाला ‘फक्त ग्राहक’ आणि ‘मेलने फक्त उत्तरं’ अशा खुणा असतात. डोमेन आणि बिलिंग विभागाला दुसरी खूण लावली की नवं तिकीट मेलने उघडतच नाही. दुसरं सॉफ्टवेअर घेत असाल तर पोर्टलमधून आलेलं तिकीट आणि मेलने आलेलं तिकीट यात एका नजरेत फरक दिसतो का ते बघा. फोनवरच्या ग्राहकासाठी पोर्टलमध्ये दिसणारा पिन ठेवा.

पासवर्डचं दुखणं याहून नेहमीचं. तुम्ही कितीही सांगा, ग्राहक वर्डप्रेसचा पासवर्ड तिकिटात लिहितोच. मग तो सूचनेच्या मेलमधून चार कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये जाऊन बसतो. तीन गोष्टी बघा: लॉगिनसाठी वेगळा एन्क्रिप्ट केलेला रकाना देता येतो का, तो मेलमधून वगळला जातो का, आणि आधीच लिहून गेलेला मजकूर इतिहासासकट पुसता येतो का. तिसरी गोष्ट अनेक ठिकाणी नसते किंवा फक्त महागड्या प्लॅनमध्ये असते. केवायसीसाठी जोडलेल्या आधार-पॅनच्या प्रतींनाही हाच नियम लावा.

सर्व्हर पडला

एका शेअर्ड सर्व्हरवर चारशे खाती आहेत आणि दुपारी तो पडला. पहिल्या अर्ध्या तासात शंभरावर तिकिटं येतात. इथे सॉफ्टवेअरकडून चार कामं हवीत: त्या सर्व्हरवरच्या ग्राहकांचीच तिकिटं गाळून काढणं, ती एका मुख्य तिकिटाला जोडणं, मुख्य तिकिटावर लिहिलेलं उत्तर सगळ्यांना जाणं, आणि शेवटी एकदम बंद करणं. नुसतं एकत्र करणं म्हणजे मर्ज पुरेसं नाही. शंभर ग्राहकांची तिकिटं मर्ज केली तर एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. जोडणं आणि मिसळणं यातला फरक विक्रेत्याला पडद्यावर दाखवायला सांगा.

पण मुळात तिकिटाचं पान त्या वेळी उघडतं का? तिकीट सॉफ्टवेअर ग्राहकांच्या सर्व्हरवर ठेवू नका, शक्यतो त्याच डेटा सेंटरमध्येही नको. त्याचा डीएनएस वेगळ्या पुरवठादाराकडे ठेवा. हे तपासायचं कसं? लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये तुमच्या कंपनीच्या सगळ्या आयपी रेंज अडवा आणि मग तिकिटाचं पान उघडून बघा. लोगो, लॉगिन, जोडपत्रं यांपैकी जे अडकतं ते तुमच्या नेटवर्कवर टेकलेलं आहे. सपोर्टच्या डोमेनच्या एमएक्स नोंदी (मेल कुठे जावा ते सांगणाऱ्या) आणि नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारे) वेगळे तपासा, कारण ते या चाचणीत दिसत नाहीत. बिलिंगमधलंच तिकीट वापरत असाल तर बिलिंग सॉफ्टवेअरच दुसऱ्या कंपनीच्या व्हीपीएसवर हलवा.

ग्राहकाकडून दुसरा ईमेल पत्ता नोंदवून घेणं सक्तीचं करा, तोही त्याच्या स्वतःच्या डोमेनबाहेरचा. सॉफ्टवेअरने दोन्ही पत्त्यांवर उत्तर पाठवलं पाहिजे आणि बाउन्स झालं तर त्या तिकिटावर तसं दाखवलं पाहिजे. बाउन्स गिळून टाकणारं सॉफ्टवेअर होस्टिंगसाठी नापास.

मॉनिटरिंगच्या सूचनांमधून तिकिटं उघडत असाल तर एका सर्व्हरच्या एका बिघाडाला एकच तिकीट, अशी अट घालता येते का बघा. नाहीतर दर मिनिटाला एक तिकीट येतं आणि खरी तक्रार त्याखाली गाडली जाते.

व्हॉट्सअ‍ॅप

आपल्याकडचा ग्राहक स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणार. अधिकृत जोडणी घेतली तर त्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मोकळं उत्तर देता येतं. नंतर आधी मंजूर झालेला साचाच पाठवावा लागतो. ‘तुमच्या तिकिटावर नवी माहिती आहे’ असा एक साचा मराठीत आणि एक इंग्रजीत पहिल्याच दिवशी मंजूर करून ठेवा. फोनवरून येणारे फोटो मोठे असतात. पीएचपीची फाइल अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते. स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती आणि एकूण पोस्टची मर्यादा दोन्ही वाढवा, नाहीतर मजकूर येतो आणि चित्र गायब होतं.

वेळेचे नियम

विभाग चारच ठेवा: तांत्रिक, बिलिंग, डोमेन, अ‍ॅब्यूज. जास्त केले की ग्राहक चुकीचा निवडतो. प्रत्येक विभागाचं घड्याळ वेगळं चालवता आलं पाहिजे. सर्व्हर डाउनला चोवीस तास, बिलाला सकाळी दहा ते सात. ‘वाट पाहतोय’ अशी स्थिती हवी आणि तिच्यात घड्याळ थांबायला हवं. डॉट कॉम डोमेनच्या ट्रान्स्फरला पाच दिवस लागू शकतात. घड्याळ थांबलं नाही तर ती सगळी तिकिटं उशिराची म्हणून लाल होतात आणि खरोखर उशीर झालेलं तिकीट त्या लाल गर्दीत दिसत नाही. ग्राहकाचं उत्तर न आलेली तिकिटं ९६ तासांनी आपोआप बंद करा, पण ‘वाट पाहतोय’ मधली वगळून.

पैसे आणि कायदा

हिशोब वर्षाचा करा. समजा भाडं माणशी महिना २,००० रुपये आणि माणसं सहा: वर्षाला १,४४,००० रुपये. विक्रेता परदेशी असेल तर रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरायचा) १८ टक्के जीएसटी म्हणजे २५,९२० रुपये आधी रोख भरावे लागतात. त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसा अडकतो. कार्डावरून आपोआप होणाऱ्या भरण्याला १५,००० रुपयांच्या वर दर वेळी ओटीपी लागतो. तो चुकला तर खातं गोठू शकतं, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहा. माणशी दर वाचवायला रात्रपाळीच्या दोघांना एकच लॉगिन देण्याचा मोह होतो. तसं केलं की ऑथ कोड कुणी पाठवला हे कधीच कळत नाही.

स्वतः बसवलेलं सॉफ्टवेअर फुकट नसतं. व्हीपीएस, रोजचा बॅकअप आणि महिन्याला दोन-तीन तासांचे अपडेट धरा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि डेटा सेंटर, व्हीपीएस व क्लाउड पुरवठादारांना ग्राहकाची नोंदणी माहिती त्याने सेवा सोडल्यावरही पाच वर्षं जपावी लागते. तुम्ही व्हीपीएस विकत असाल आणि ती माहिती तिकिटांमध्ये असेल, तर ‘दोन वर्षांनी आपोआप पुसा’ असलं सेटिंग लावू नका. ‘सुरक्षा घटना’ असा वेगळा शिक्का ठेवा आणि तो लागताच मालकाला एसएमएस जाईल असा नियम करा.

१४ दिवसांची चाचणी

मोफत मुदतीत पुढचं सगळं खऱ्या मेलबॉक्सवर करून बघा.

१. मराठीत लिहिलेला, मध्ये इमोजी असलेला मेल पाठवा. डेटाबेस यूटीएफ८एमबी४ (इमोजीही साठवणारी अक्षरपद्धत) मध्ये नसेल तर मजकूर इमोजीपाशी तुटू शकतो किंवा मेलच नाकारला जातो. मग त्यातला एक मराठी शब्द शोधून बघा.

२. विषय बदलून रिप्लाय करा, आणि सीसीतल्या अनोळखी पत्त्यावरून रिप्लाय करा.

३. स्वयंउत्तर चालू असलेल्या पत्त्यावरून मेल पाठवून तासभर थांबा.

४. अस्तित्वात नसलेल्या पत्त्याच्या ग्राहकाला उत्तर द्या. बाउन्स तिकिटावर दिसला का?

५. ५० खोटी तिकिटं घालून ती जोडा, एकच उत्तर पाठवा, एकदम बंद करा. दहा मिनिटांच्या वर वेळ लागला तर खऱ्या दिवशी निभावणार नाही.

६. तिकिटात पासवर्ड लिहा, पुसा, मग इतिहासात आणि एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती काढायची वाट) शोधा.

७. सगळी तिकिटं जोडपत्रांसकट बाहेर काढा. नुसती सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) मिळत असेल तर तिला बाहेर पडण्याचा मार्ग म्हणता येणार नाही.

सातवी चाचणी बरेच जण वगळतात आणि तीन वर्षांनी अडकतात.

बदल करताना

जुनी सगळी तिकिटं नव्यात आणण्याचा आग्रह धरू नका. उघडी तिकिटं हाताने आणा, बंद झालेली फक्त वाचण्यापुरती जुन्या जागी ठेवा. नवे क्रमांक जुन्यांशी टक्कर न देणाऱ्या आकड्यापासून सुरू करा; जुने सहा अंकी असतील तर नवे सात अंकी. बदल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करा, महिनाअखेरीला बिलं जायच्या आठवड्यात नाही. जुन्या सपोर्ट पत्त्यावरचा मेल किमान वर्षभर नव्याकडे वळवत राहा, कारण ग्राहकांच्या फोनमध्ये तोच साठवलेला असतो. फॉरवर्ड होताना एसपीएफ मोडतो, म्हणून नव्या सॉफ्टवेअरचा स्पॅम फोल्डर पहिले दोन महिने रोज एकदा माणसाने उघडून बघायचा.